आधी पोखर्णी, मग कोकण

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघायचं ठरलं की घरात सगळी चर्चा गाडीचीच. चेन, प्लग, ऑइल, टायर! पुरुषमंडळी जेवणं आटोपून नकाशा पसरून बसतात आणि आपल्याला स्वयंपाकघरात येऊन विचारतात, "दशम्या किती दिवस टिकतील?" मैत्रिणींनो, मागच्या सीटवर बसून आपणही तितकेच किलोमीटर जाणार असतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. खरं सांगायचं तर आपल्याही येत नाही.

संक्रांत झाली की आम्ही तीन जोडप्यांनी परभणीहून गणपतीपुळ्याला जायचं ठरवलं. गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, बार्शी, पंढरपूर करत कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून कोकण. जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या वर. माझी धाकटी जाऊ मोठी व्यवहारी. ती म्हणाली, "वहिनी, लग्नाच्या साडीचा ब्लाऊजसुद्धा आपण आदल्या आठवड्यात घालून बघतो. मग हे सामान एकदा बांधून बघायला नको?" आणि असं ठरलं की निघायच्या आधीच्या रविवारी सगळं सामान लादून पोखर्णीला जाऊन यायचं.

पोखर्णी का? एक तर आमचा कोकणचा रस्ता गंगाखेडवरूनच जायचा, आणि पोखर्णी त्याच वाटेवर, परभणीपासून १८-२० किलोमीटरवर. काही बिघडलंच तर परभणी-परळी लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' नावाचं स्टेशन आहे, म्हणजे परतीची सोय. आणि नृसिंहाचं दर्शन घेतल्याशिवाय आमच्या सासूबाई लांबच्या प्रवासाला कुणाला सोडत नाहीत, हेही आहेच! आसपासच्या कितीतरी घरांचं ते कुलदैवत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजयंतीची इथे मोठी गर्दी असते. एरवी गाव आपलं शांत, चहूकडे काळ्या रानाचं.

तर आता तयारीचं ऐका. हेल्मेटची खरेदी झाली तेव्हा पुढे बसणाऱ्या तिघांनी तोंड झाकणारी, जाड अस्तराची घेतली. आम्हा तिघींसाठी काय? टोपीसारखी, कानाच्या वरच संपणारी, "मागे बसणाऱ्याला चालतात" म्हणून. मी म्हटलं, गाडी पडली तर रस्ता काय पुढचा-मागचा बघून लागणार आहे? मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम पुढच्या-मागच्या दोघांनाही हेल्मेट घालायला सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स रद्द. दंडाचं नाव काढलं तेव्हा कुठे आमची हेल्मेटं बदलून आली! घेताना आय.एस.आय.ची खूण आणि आय.एस. ४१५१ हा आकडा बघा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही. आणि बरं का, दुकानात जाताना केस प्रवासात बांधणार तसेच बांधून जा. अंबाडा आणि मोठी क्लिप असेल तर हेल्मेट वरच अडकतं. मानेवर खाली सैल वेणी घाला, ती सगळ्यात सोयीची.

दुसरी गोष्ट साडीची. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जी जाळी असते ना, ती काही शोभेची नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमावली १९८९ ची. तिच्या १२३ व्या नियमात मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्या चाकाला तरी झाकणारं आवरण असलंच पाहिजे, असं आहे. आता लांबच्या प्रवासाला दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या बसवायच्या म्हटलं की सगळ्यात आधी गदा येते ती या जाळीवर. आमच्या तीनपैकी एका गाडीची जाळी अशीच काढून कोपऱ्यात ठेवलेली होती. ती पुन्हा बसवून घेतली आणि पिशव्यांना लोखंडी पट्ट्यांचा आधार करून घेतला. तरीसुद्धा इतक्या लांब साडी नकोच. सलवार-कमीज बरा, आणि ओढणी घरीच ठेवायची. पाठीमागे उडणारी ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. उन्हासाठी चेहरा झाकायचा असेल तर सुती रुमाल हेल्मेटच्या आत, टोकं कॉलरमध्ये खोचून. आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. एकीकडे पाय सोडून बाजारापर्यंत ठीक आहे, घाटाच्या वळणावर नाही.

रविवारी सकाळी थंडीत निघालो. पोखर्णी येईपर्यंत मागच्या सीटवरून जे कळलं, ते घरच्या अंगणात कधीच कळलं नसतं. एका गाडीचं जड सामान सगळं शेपटाकडे, कॅरिअरवर बांधलेलं. त्यामुळे पुढचं चाक हलकं होऊन हँडल डुलायला लागलं. जड वस्तू खाली आणि जितक्या पुढे तितक्या बऱ्या. वर फक्त कपडे. जावेच्या पाठीवर सगळ्या खाण्याची पिशवी होती, आणि पंधराव्या किलोमीटरला तिचे खांदे भरून आले. १८ किलोमीटरला ही गत, मग दिवसभरात काय? मागे बसणारीच्या पाठीवर काही द्यायचं नाही हा आम्ही तिथेच कायदा करून टाकला. एका पिशवीचा नायलॉनचा कोपरा सायलेन्सरला लागून वितळला होता. तोच सायलेन्सर उतरताना पोटरीलाही लागतो, म्हणून नेहमी डाव्या बाजूने उतरायचं. चटका बसलाच तर टूथपेस्ट, हळद काही लावू नका. पंधरा-वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बस्स.

देवळात आणखी एक शोध लागला. हे देऊळ हेमाडपंती, दगडी, आणि गाभाऱ्याचं दार अगदी ठेंगणं. चांगलं खाली वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. कमरेला पैशाची, कागदांची, मोबाईलची अशी फुगलेली पिशवी आवळून मी वाकले मात्र, पिशवी पोटात रुतली, आणि गुडघे असे आखडलेले की देवानेच हात द्यावा! बाहेर येऊन ओट्यावर बसून आम्ही ठरवलं, दर पाऊण तासाने थांबायचं, चार पावलं चालायचं. पुरुष "चला, चला" म्हणतील. म्हणू देत. आणि कमरेच्या पिशवीत फक्त पैसे आणि लायसन्स.

तिथेच डबा उघडला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दुसरं काय! पाणी मात्र तिघींनी कमी प्यायलेलं. कारण तुम्हाला सांगायला नको, वाटेत जायचं कुठे हा आपला जुना प्रश्न. पण जॅकेट-हेल्मेटमध्ये घाम येतो, आणि पाणी तोडलं की दुपारी डोकं धरतं. त्यापेक्षा एस.टी. स्टँड आणि मोठे पेट्रोलपंप कुठे आहेत ते आधी बघून थांबे तिथेच ठेवावेत. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली एक बाटली हाताशी असू द्या.

घरी परतून प्रत्येक गाडीवरची एकेक पिशवी कमी झाली. स्टोव्ह गेला, दुसरी चादर गेली, "असू दे" म्हणून घेतलेले चार जोड गेले. राहिलं ते असं: प्लगचा पाना, पंक्चरचं सामान, क्लचची जादा केबल, चेनचं तेल. मागच्या टायरमध्ये दोघांच्या वजनाला किती हवा लागते ते चेनकव्हरजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, तेवढी भरून घ्यायची. आणि सहाही जणांच्या खिशात रक्तगट, घरचा फोन नंबर लिहिलेला कागद. हो, सहाही जणांच्या. अपघाताला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८, हे पोरांनाही पाठ करून ठेवलं आहे.

वेळापत्रकही त्याच रविवारी बदललं. परतताना दिवस कलला होता आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरले होते. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. दिवाळीपासून थेट मार्चपर्यंत आपल्याकडे हे असंच असतं. बाजूला उतरावं तर काळी माती, ओली असली तर चाक घसरलंच. एका दिवसात पंढरपूर गाठायचं म्हणत होते ते सगळे त्या ट्रॉल्या बघून गप्प झाले. आता पहिला मुक्काम बार्शीला, आणि तोही दिवस मावळायच्या आत.