चारोळी, मीठ आणि लोखंडाचा डोंगर

१९७१ साली माझ्या वडिलांची बदली जगदलपुरास झाली होती. ते सरकारी शाळेत गणित शिकवीत. बदलीचा कागद हाती पडला त्या दिवशी घरात जी अवकळा पसरली, ती मला अजून आठवते. आई देवापुढे जाऊन बसली. आजी म्हणाली, “अरे, तिकडे माणसे राहतात तरी का?” वडिलांनी पुढे पंधरा दिवस खटपट केली, ओळखी काढल्या आणि बदली रद्द करवून घेतली. त्या आनंदाप्रीत्यर्थ घरी श्रीखंड झाले.

इंदुरात आयुष्य गेलेल्या आमच्या पिढीला बस्तरची ओळख एवढीच. १९५६ पासून २००० सालापर्यंत, म्हणजे छत्तीसगड वेगळे होईपर्यंत, बस्तर आमच्याच राज्याचा भाग होता. १९९८ पर्यंत तर तो एकच जिल्हा होता आणि विस्ताराने केरळ राज्याहून किंचित मोठा होता. तरी ‘बस्तरला पाठविणे’ याचा सरकारी नोकरांच्या भाषेतला अर्थ शिक्षा असाच होई. वडील गेल्यावर त्यांच्या कागदांत तो रद्द झालेला हुकूम सापडला आणि जेथे ते गेले नाहीत ते गाव आपण एकदा पाहावे, असे मनाने घेतले. तो योग गेल्या चैत्रात आला.

रायपूरहून जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर. केशकालचा घाट चढला की हवा बदलते. दोहों बाजूंस सालाचे वन, मोहाच्या झाडाखाली पहाटेपासून फुले वेचणाऱ्या बाया, चिंचेच्या प्रचंड जुन्या झाडांखाली वसलेली गावे. जगदलपूर इंद्रावतीच्या काठी आहे. येथील राजघराण्याचा मूळपुरुष अन्नमदेव हा वरंगळच्या काकतीयांपैकी. चौदाव्या शतकात वरंगळ पडल्यावर तो गोदावरी ओलांडून इकडे आला असे सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे राज्य नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले व त्यांना खंडणी देऊ लागले. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले तेव्हा बस्तरही इंग्रजांच्या छत्राखाली गेले. म्हणजे येथून नेण्यासारखे आहे ते न्यावे, हा क्रम आपल्या लोकांनाही अपरिचित नव्हता.

मराठी कानाला मात्र येथे एक सुखद धक्का बसतो. निरनिराळ्या जमातींची माणसे बाजारात परस्परांशी हलबी बोलतात. मराठी, ओडिया आणि छत्तीसगडी यांच्या संगमावरची ही बोली. भिंतीवर ‘आमचो बस्तर’ असे लिहिलेले दिसले तेव्हा क्षणभर आपण गोव्यात तर नाही ना, असे वाटले.

जगदलपूरजवळच्या एका गावी आठवड्याचा बाजार भरला होता. चिंच, मोहफुले, तिखट लाल मुंग्यांची चटणी, घडव्यांनी मेण वितळवून ओतलेल्या पितळी मूर्ती आणि लहानशा टोपलीत चिरौंजी. ही चिरौंजी म्हणजे आपली चारोळी. एका म्हातारीने ती रानातून वेचून, फोडून, निवडून आणली होती. या भागात पिढ्यान् पिढ्या व्यापारी चारोळीच्या बदल्यात तेवढेच मीठ देत आले. मापास माप. समुद्र दूर, मीठ अत्यावश्यक, आणि चारोळीचा शहरातला भाव वेचणाऱ्याला ठाऊक नाही. या व्यवहारात कोणी तलवार उपसली नव्हती. ज्याला बाजारभाव ठाऊक त्याने, ज्याला तो ठाऊक नाही त्याच्याशी केलेला हा सौदा होता. आमच्या घरच्या त्या श्रीखंडावरील चारोळी कोणत्या भावाने आली असेल, हा विचार तेथे उभ्या उभ्या मनात आला आणि तो पुढे प्रवासभर सुटला नाही.

एखादा प्रदेश मागास का राहतो, या प्रश्नाची ठराविक उत्तरे आपल्या बैठकीत नेहमी ऐकू येतात. जमीन नापीक, हवा रोगट, लोक आळशी. बस्तरात यांतले पहिले व तिसरे उत्तर टिकत नाही. दुसऱ्यात तथ्य आहे. येथील हिवतापाने फार माणसे खाल्ली, आणि डोंगर व नद्या यांनी गावे एकमेकांपासून तोडली. परंतु दुर्गमपणा हेच खरे कारण असते, तर जेथे रेल्वे पोचली तो भाग तरी संपन्न व्हावयास हवा होता. ते पाहण्यासाठी मी किरंदुलला गेलो.

बैलाडिला म्हणजे बैलाचे वशिंड. डोंगराची रांग दुरून तशीच दिसते. १८९९ च्या सुमारास भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी येथील लोहखनिजाची नोंद केली. खनिज इतके कसदार की त्यात ६५ टक्क्यांच्या आसपास निव्वळ लोह. त्यांच्या आधीही लोखंड येथील लोहारांना अज्ञात नव्हते. रानातला दगड कोळशाच्या लहान भट्टीत वितळवून ते विळे, बाणांची टोके आणि दिवे घडवीत. कोंडागावाकडचे लोहशिल्प आज शहरी दिवाणखान्यांत मिरवते ते याच परंपरेतले.

१९६० मध्ये जपानी पोलाद कारखान्यांना खनिज पुरविण्याचा करार झाला आणि १९६८ मध्ये किरंदुलची खाण सुरू झाली. तिच्यासाठी किरंदुलपासून विशाखापट्टणजवळच्या कोत्तवलसापर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटरचा लोहमार्ग पूर्व घाट फोडून नेला. पन्नासांहून अधिक बोगदे, आणि समुद्रसपाटीपासून ९९६ मीटर उंचीवरचे शिमिलिगुडा स्थानक. आपल्या अभियंत्यांनी हे काम केले याचा अभिमान वाटतोच. पण नकाशा पसरून पाहावा. हा मार्ग खाणीपासून बंदराकडे जातो. रायपूरकडे जाणारा सरळ लोहमार्ग मात्र पुढे अर्धशतक उलटले तरी पुरा झाला नव्हता. दगडाला समुद्रापर्यंत जाण्याची सोय आधी झाली. माणसाला आपल्या राजधानीपर्यंत जाण्याची सोय मागे राहिली.

दंतेवाड्याला शंखिनी व डंकिनी यांच्या संगमावर दंतेश्वरीचे देऊळ आहे. खाणीतून वाहून येणाऱ्या बारीक मातीने शंखिनीचे पाणी वर्षानुवर्षे तांबडे होऊन वाहिले आणि काठच्या शेतांत तो गाळ साचला. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, तर या जिल्ह्याची अर्ध्याहूनही कमी. खाण सुरू होऊन तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे झाली होती.

असे का व्हावे? खनिज कच्चेच बाहेर गेले. त्याचे पोलाद, पोलादाचे यंत्र, यंत्राचा कारखाना आणि त्या कारखान्याभोवती वाढणारी कौशल्ये ही सारी साखळी दुसरीकडे गुंफली गेली. खाणीला लागणारे शिकलेले कामगारही बाहेरून आले, कारण गावात शाळा नव्हती. १९५६ पासून १९९२ पर्यंत पोलादाचे वाहतूकभाडे देशभर समान ठेवण्याचे धोरण होते. त्यामुळे खनिजाच्या शेजारी पोलादाचे कारखाने उभारण्यात जो नैसर्गिक लाभ असतो, तोही या पट्ट्याला मिळाला नाही. खनिजावरील स्वामित्वशुल्क २००९ पर्यंत टनामागे ठराविक रुपयांत होते, आणि उत्तम प्रतीलाही ते तीस रुपयांहून कमी पडे. जगाच्या बाजारात भाव कितीही चढो, राज्याचा वाटा जागचा हलत नसे. ते १० टक्के झाले २००९ मध्ये आणि १५ टक्के २०१४ मध्ये. खाणीभोवतालच्या गावांसाठी जिल्हा खनिज निधी स्थापण्याचा कायदा २०१५ चा.

वनांची कथा निराळी नाही. इंग्रज अमदानीत दोनतृतीयांश जंगल राखीव करण्याचा घाट घातला गेला, त्यात वेठबिगारीची भर पडली आणि १९१० मध्ये ‘भूमकाल’ उसळला. आंब्याची डहाळी व लाल मिरच्या गावोगाव फिरवून उठावाचा सांगावा दिला गेला. नेतानारचा गुंडाधुर हा त्याचा नायक. उठाव चिरडला गेला, पण राखीव क्षेत्र बरेच कमी करावे लागले. स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये राजवाड्यातील गोळीबारात राजा प्रवीरचंद्र भंजदेव मारले गेले. १९८० पासून गोदावरीपलीकडून नक्षलवादी आले. २००५ मध्ये त्यांच्याविरुद्ध ‘सलवा जुडूम’ उभा राहिला आणि तो बेकायदा असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. या दोन जात्यांत शाळा, रस्ते आणि माणसे भरडली गेली. हिंसेने मागासपण वाढविले हे खरे, परंतु ती येथे आली तेव्हा मागासपण आधीच नांदत होते.

हा एकट्या बस्तरचा भोग नव्हे. बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये रुपे सापडले. त्या रुप्याने स्पेनचे आरमार पोसले आणि डोंगराखालचे गाव शेवटी दरिद्रीच उरले. उलट आफ्रिकेतील बोत्स्वाना पाहा. १९६६ मध्ये तो देश स्वतंत्र झाला तेव्हा तेथे डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर होता असे म्हणतात. पुढच्याच वर्षी, बैलाडिल्याच्या खाणीच्या सुमारास, तेथे हिरे सापडले. त्या सरकारने कंपनीशी घासाघीस करून काही वर्षांतच निम्मी भागीदारी मिळविली आणि पैसा शाळा, दवाखाने व रस्ते यांत घातला. आजही तेथे बेकारी आणि विषमता आहे. तथापि जगातील अत्यंत दरिद्री देशांच्या यादीतून तो बाहेर पडला. खनिज दोन्हीकडे होते. फरक वाटणीत, आणि वाटणीच्या बैठकीत कोण बसले यात होता.

परतताना सकाळच्या गाडीने किरंदुलहून निघालो. गाडी वाटेत बराच वेळ थांबली. खनिजाने भरलेली मालगाडी पुढे जाणार होती. समोर एक तरुण शिक्षक बसले होते, तेथीलच, गोंड समाजाचे. मी विचारले, “गुरुजी, नेहमी असेच थांबावे लागते?”

ते हसून म्हणाले, “बाबूजी, त्या गाडीला वेळेवर पोचायचे असते.”

मग बोलणे शाळेवर आले. त्यांचे वडील शिकले नाहीत. का, तर गावात शाळा होती आणि कागदावर गुरुजीही होते, पण नेमलेला गुरुजी कधी आला नाही. हुकूम निघत आणि रद्द होत. ते स्वतः आश्रमशाळेत राहून शिकले. आता त्यांच्या वर्गात तीस मुले आहेत आणि गणितात दोघे फार हुशार आहेत, असे त्यांनी कौतुकाने सांगितले.

मला राहवले नाही. वडिलांची हकीकत मी त्यांना सांगितली, खटपटीसकट. श्रीखंडाचे मात्र सांगवले नाही. ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “ते एकटे नव्हते, बाबूजी.”

त्या वाक्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मी आतापर्यंत करार, शुल्क आणि भाड्याची धोरणे मोजीत होतो. ती खरीच आहेत. पण एखादा प्रदेश मागे राहतो तो दूर राजधानीतल्या निर्णयांनी जितका, तितकाच आपल्यासारख्या हजारो सुशिक्षित कुटुंबांच्या लहान लहान नकारांनी. माझे वडील सज्जन होते. त्यांनी कोणाचे काही हिरावले नाही. ते फक्त गेले नाहीत.

चित्र आता सर्वस्वी काळे नाही, हेही नमूद केले पाहिजे. वनोपजांना किमान आधारभूत भाव देण्याची योजना २०१३ पासून आहे. २००६ च्या कायद्याने वनहक्कांना मान्यता दिली. एका पोलाद कारखान्यासाठी लोहंडीगुडा भागात घेतलेली जमीन, कारखाना न झाल्यामुळे, २०१९ मध्ये शेतकऱ्यांना परत मिळाली. जगदलपूरजवळ नगरनार येथे पोलादाचा कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला. बैलाडिल्याच्या दगडाचे बस्तरातच पोलाद होण्यास पंचावन्न वर्षे लागली.

जगदलपुराहून निघण्यापूर्वी पुन्हा त्या बाजाराच्या गावी गेलो. म्हातारी होती. तिने सांगितलेल्या भावाने अर्धा किलो चारोळी घेतली. घासाघीस करण्याची आमच्या घराण्याची जुनी सवय त्या दिवशी मी आवरली. घरी आल्यावर पत्नीने विचारले, “एवढी महाग?” मी म्हटले, “महाग नाही. आजवर आपल्याला स्वस्त मिळत होती.”

गणितातल्या त्या दोन मुलांसाठी वडिलांची जुनी पुस्तके बांधून पाठविली आहेत. वडिलांच्या नावाने जगदलपुराच्या वाटेला लागलेले घरातले हे पहिलेच टपाल.