ध्रुव आणि ध्रुपद

कीर्तनात बुवा दृष्टांत देत कितीही लांब गेले, तरी टाळकरी ध्रुपद उचलतात आणि सारे पुन्हा अभंगावर येतात. ध्रुपद म्हणजे ध्रुवपद, न हलणारी जागा. आकाश पाहणाऱ्या यंत्रालाही अशी जागा लागते.

जुन्नर तालुक्यात आळ्याला माउलींच्या रेड्याची समाधी आहे, ती वारकऱ्यांना सांगायला नको. त्याच तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. वारा जोराचा सुटला की त्यांची तोंडे थेट माथ्यावरच्या आकाशाकडे करून त्या उभ्या ठेवतात. एवढ्या मोठ्या यंत्रालासुद्धा मुक्काम आहे.

कळंबला आमच्या गच्चीवर नातवाची दुर्बीण आहे; ती अगदी लहान. खालचा फिरता सांगाडा, तो त्याला माउंट म्हणतो, संगणकाच्या आज्ञेने फिरतो. त्याचा मुख्य आस ध्रुवाकडे रोखलेला. कळंबला ध्रुव क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश वर दिसतो, म्हणून आसही तेवढाच कललेला. आकाश तासाला १५ अंश सरकते, माउंट त्याच्या चालीने चालतो. काम झाले की नळी ध्रुवाकडे तोंड करून थांबते. तो म्हणतो पार्क, मी म्हणतो मुक्काम. दिंडी जशी मुक्कामावरूनच पुढे निघते, तसे यंत्र पुढचे सगळे तिथून मोजते.

कार्तिकात एका रात्री हरिपाठ आटोपून शेजारच्या माळकरी बाया शनी बघायला वर आल्या आणि वीज गेली. नळी तेव्हा दक्षिणेला होती. वीज आल्यावर संगणक म्हणतो, मी मुक्कामावर आहे! या माउंटला डोळे नाहीत, तो नुसती पावले मोजतो; वीज गेली की मोजणी पुसते आणि उभा असेल तिथेच तो मुक्काम समजतो. तशीच आज्ञा दिली असती तर नळी तिपाईवर आदळली असती, वायरींना पीळ पडला असता. नातवाने घाई केली नाही. यंत्र बंद केले, दोन्ही आसांची पकड सैल केली, नळी हाताने ध्रुवाकडे आणली, तोलाचे वजन खाली घेतले, मग कळ दाबली.

तरी शनी सापडेना. बाया खाली निघाल्या, मीच थांबवले. पाहिले तर आपली वेळ संगणकाने ग्रीनिचची धरलेली. फरक साडेपाच तासांचा, म्हणजे ८२.५ अंश; जवळजवळ पाव आकाश! वेळ सुधारली. मग अभिजित तारा नळीत मधोमध आणून ‘हा अभिजित’ असे यंत्राला सांगितले. त्यानंतर शनी आला. ‘कडं दिसलं गं बाई,’ एक म्हातारी म्हणाली आणि तिने नळीलाच हात जोडले.

त्या रात्री नातू म्हणाला, “आबा, ध्रुवतारासुद्धा अगदी स्थिर नाही. खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, त्याच्याभोवती फिरतो. हजारो वर्षांनी ती जागा दुसऱ्याच ताऱ्याजवळ जाईल.” ध्रुवाख्यान मी पुष्कळ गावांत लावले आहे. त्याला म्हटले, बाळाला देवाने दिले ते अढळपद. पद म्हणजे जागा. तारा ही त्या जागेजवळची समई. तो हसला, पटले की नाही, त्याने सांगितले नाही.

अंधारात मुक्काम हाताने सापडावा म्हणून दोन्ही आसांवर खुणेची रेघ हवी होती. मी गोपीचंदन उगाळून दिले. दव पडले की ती पुसते. दर आठवड्याला नवी ओढतो.