वाळक्या फांदीवरचा तांबट

पुण्यात पन्नास वर्षं काढली, पण आगाखान पॅलेसला पक्षी बघायला म्हणून कधी गेले नव्हते. शाळेच्या सहली मात्र कितीतरी नेल्या. ओळी करा, पाट्या वाचा, डोकी मोजा आणि बसमध्ये बसवा! मान वर करून झाडाकडे बघायला सवड कुणाला होती?

गेल्या आठवड्यात आमच्या ज्येष्ठ मंडळींनी तिथे फोटो काढायला जायचं ठरवलं. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही जाच. बाबांजवळ मी आहे." ह्यांना पक्षाघात झाल्याला चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून माझी धाव औषधाच्या दुकानापर्यंत. पक्ष्यांचं वेड ह्यांचं, कॅमेराही ह्यांचाच. मी आपली डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मागे मागे. या खेपेला तो कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

नगर रस्त्यावरचा हा महाल तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, असं सांगतात. पन्नास वर्षांनी तो तुरुंग झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई यांना इथे स्थानबद्ध केलं. महादेवभाई १५ ऑगस्टलाच गेले. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, त्या दिवशी महाशिवरात्र होती. दोघांच्या समाध्या याच आवारात आहेत. १९६९ मध्ये आगाखानांनी ही वास्तू देशाला देऊन टाकली.

हे सगळं मी वर्गात शिकवलेलं. पण या वेळी आठवलं ते वेगळंच. इथे कैदेत असताना गांधीजी कस्तुरबांना भूगोल शिकवत, वाचन घेत. तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या आणि आजारी. परीक्षा नाही, पुढचा वर्ग नाही, फाटकाबाहेर जायची मुभा नाही, तरी धडा चालू. मीही आता चौऱ्याहत्तरीची. कॅमेऱ्याची बटणं शिकताना "आता या वयात कशाला?" असं कुणी म्हणालं, की बा आठवतील.

समाध्यांच्या बाजूला उभी होते. टुक... टुक... टुक... एकसारखा ठोका. तांबट! आवाज ओळखीचा, पण स्वारी काही दिसेना. पानांत शोधून शोधून मान दुखली. मग ह्यांचं जुनं वाक्य आठवलं, "पानांत नको, वाळक्या फांदीवर बघ." खरंच, शेंड्याच्या सुक्या फांदीवर बसला होता. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, पिवळा गळा. गंमत म्हणजे हा ओरडताना चोच मिटलेली ठेवतो, नुसता गळा फुगतो. घरटंही अशाच मेलेल्या लाकडात कोरतो. आपण जिला "तोडा ती, वाळली" म्हणतो, तिच्यातच त्याची पिल्लं वाढतात.

पंचवीसेक फोटो काढले. बरेचसे हलले. एक बरा आला.

घरी आल्यावर तो कॉम्प्युटरवर मोठा करून ह्यांच्या पलंगाशी नेला. मी काही बोलले नाही. शिक्षिका ना, उत्तर आधी सांगायचं नाही ही सवय! हे बराच वेळ बघत राहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. मग डाव्या हाताचं बोट पलंगाच्या दांडीवर वाजायला लागलं. टुक... टुक... टुक...

पूर्ण मार्क दिले मी. पुढच्या आठवड्यात एम्प्रेस गार्डनला जायचं ठरलंय. सूनबाईने सुट्टी आधीच टाकून ठेवली आहे.