पाया पडणारे आणि हात पाहणारे

तिवस्यात आमचा माईकचा धंदा आहे. वडिलांनी दोन भोंगे आणि बॅटरीवर चालणारं एक मशीन घेऊन तो सुरू केला. आज मिक्सर, बॉक्स, कॉर्डलेस सगळं आहे, तरी गावात आमची ओळख अजून ‘भोंगेवाले’ हीच. लग्न, जयंती, सप्ताह, निवडणुकीची सभा, भजन स्पर्धा, कव्वाली, ऑर्केस्ट्रा, गझलेची मैफल, काहीही असो. गाडीत सामान चढवायचं आणि निघायचं. त्यामुळे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांशी माझी गाठ कार्यक्रमाच्या आधी पडते. रसिक त्यांना भेटतात ते नंतर, हार घालायला. मी भेटतो तेव्हा गवयाचा घसा धरलेला असतो, तबलजी हातोडी शोधत असतो, पेटीवाल्याला खुर्चीची उंची जमत नसते आणि चहा आलेला नसतो.

लोक मला विचारतात, “एवढ्या मोठ्या माणसाले जवळून पाह्यलं, कसे आहेत हो?” या प्रश्नाचं सरळ उत्तर मला कधी देता आलं नाही. माझं पहिलं दैवत तर मोठं माणूसही नव्हतं.

आश्विन वद्य पंचमीला मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. दिवाळीला थोडेच दिवस उरलेले असतात. सोयाबीन घरात आलेलं किंवा येऊ घातलेलं, पऱ्हाटीला बोंडं फुटू लागलेली. तशात गावोगावच्या पालख्या आणि दिंड्या भगव्या टोप्या घालून मोझरीच्या वाटेला लागतात. 11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी महाराज गेले, त्या वेळेला दर पुण्यतिथीला मौन श्रद्धांजली होते. एवढा समुदाय एका जागी उभा आणि आवाज नाही, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला फार जाणवतं. पण मला लहानपणापासून ओढ होती ती रात्रीची. रात्री राहुट्या-राहुट्यांतून मंडळं भजनाला बसतात. एका राहुटीत पेटीचा सूर लागतो, तर शेजारच्या राहुटीतली खंजिरी अर्ध्यावर आलेली असते.

अशाच एका राहुटीत वडिलांनी मला माईक धरायला बसवलं होतं. स्टँड एकच, तो गाणाऱ्यासमोर. खंजिरीसमोरचा स्टँड म्हणजे मी. वाजवणारे शेजारच्या गावचे शेतमजूर होते. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबणारा तो माणूस रात्री मांडी घालून बसला की कोणी वेगळाच दिसायचा. डाव्या हाताने खंजिरीची कड धरलेली, त्याच हाताची बोटं कातड्यावर दाबून ते आवाज खालीवर करायचे. उजव्या हाताची बोटं ठेका धरायची. मध्येच अंगठा कातड्यावरून असा घासत न्यायचे की झांजा आपोआप थरथरायच्या. मी माईक पार जवळ नेला तेव्हा ते वाजवता वाजवताच म्हणाले, “तोंडाजवळ नोको नेऊ, पोट्ट्या. कातड्यापासून ईतभर दूर ठेव.” ध्वनीच्या धंद्यातला माझा पहिला धडा तो.

भजन संपल्यावर मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. “पाय कायले धरतं बे? हात पाह्य माहे!” असं म्हणून त्यांनी तोच ठेका पुन्हा वाजवला, या वेळी सावकाश, बोट बोट सुटं करून. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, मग खंजिरी विस्तवावर किती शेकायची, हेही दाखवलं. पुढे वर्षानुवर्षं मी त्यांना मोझरीत शोधत राहिलो. ते दिसले की छाती धडधडायची. मी वादक झालो नाही, पण खंजिरीचा माईक कुठे ठेवायचा हे मला आजही कोणाला विचारावं लागत नाही.

आमच्या भागात गावोगावी खंजिरी दिसते, त्यामागे तुकडोजी महाराजच आहेत. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत त्यांचा जन्म झाला. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज; वरखेड आमच्याच तालुक्यातलं, वर्धेच्या काठचं. 1935 साली महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. 1936 साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं. 1942 च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. 1955 साली ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. 41 अध्यायांची आणि 4675 ओव्यांची ‘ग्रामगीता’ त्यांचीच. राष्ट्रसंत हा किताब त्यांना राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांकडून मिळाला. एवढ्या सगळ्यात त्यांच्या हातातली वस्तू बदलली नाही. खंजिरी स्वस्त, हलकी, काखेत मारून दुसऱ्या गावाला नेता येणारी. वाजवायला पेटीमास्तर लागत नाही की तबलजी.

माझ्या आजोबांनी महाराजांना ऐकलं होतं. ते सांगायचे, महाराज भजनात रंगले की माणसं आपल्या जागेवरून हलायची नाहीत. आजोबांनी घरी महाराजांचा फोटो लावला आणि बाजारातून खंजिरीही आणली. महाराजांवर जीव टाकणाऱ्या हजारो घरांत असंच झालं असावं. नाहीतर फोटो घरोघरी पोचले असते आणि खंजिरी आश्रमातच राहिली असती. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे सत्यपाल महाराज आज एका वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात. एका खंजिरीवरून सातवर जायला आधी कोणाचे तरी हात बारकाईने पाहिलेले असावे लागतात.

वऱ्हाडचे दुसरे थोर पुरुष गाडगेबाबा. 1876 साली शेंडगावला जन्मले, 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगावला गेले. कोणी पाया पडायला आलं की ते काठी उगारायचे. मी कोणाचा गुरू नाही आणि माझा कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत कायम राहिली. 1956 साली मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. धंद्याच्या कानाने मी ते पुष्कळदा ऐकलंय. बाबा सलग बोलत नाहीत. प्रश्न टाकतात, थांबतात, लोकांकडून उत्तर काढून घेतात आणि त्या उत्तरावरच पुढचं पाऊल टाकतात. समोरच्याला नुसतं ऐकत बसू न देणारा हा माणूस पायांशी तरी कसा बसू देणार?

आता दुसरी बाजू. एका जवळच्या गावी एका नावाजलेल्या गायकाचा कार्यक्रम होता. नाव सांगत नाही. माझा एक मित्र त्यांच्या कॅसेटवर वाढलेला. “मले नुसतं त्याइच्या बाजूनं उभं राहू दे,” म्हणून तो माझा मदतनीस बनून आला, हातात वायरचं भेंडोळं घेऊन. गायक आले ते उशिरा, चिडलेले. आयोजकांनी ठरलेल्या बिदागीतून ऐनवेळी काही कापायचं काढलं होतं. मित्र वाकायला पुढे झाला तर ते म्हणाले, “बाजूला व्हा, आधी तो इको काढा!” मित्राचं तोंड उतरलं. त्यानंतर बरेच दिवस त्याने त्यांची कॅसेट लावली नाही.

मी मात्र त्या रात्री मिक्सरवर बसून त्यांना ऐकलं. इको खरंच जास्त होता. मी तो काढला तसा त्यांचा आवाज मोकळा झाला. पहिल्या गाण्यात त्यांनी वरचा सूर टाळला, दुसऱ्यात चाचपून पाहिला आणि तिसऱ्यात तो असा लावला की मागे उभी राहिलेली माणसं खाली बसली. रात्रभराचा प्रवास, रिकामं पोट, पैशाची कटकट, आणि तरी गळ्याला किती जपून, किती हिशेबाने वापरलं! मित्राला हे दिसलं नाही, कारण तो माणूस बघायला आला होता आणि माणूस त्या दिवशी बघण्यासारखा नव्हता. मी मित्राला दोष देत नाही. जीव लावलेल्या माणसाने झिडकारलं की लागतंच. पण त्या गायकाने आपल्याला जे द्यायचं ते त्या रात्री पुरेपूर दिलं, हे मी आजही सांगतो.

वसंतराव देशपांडे मला कधीच भेटले नाहीत. 1983 साली ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. 1920 साली मूर्तिजापूरला त्यांचा जन्म, म्हणजे आमच्याच वऱ्हाडातले. लहानपण नागपुरात गेलं, तिथे शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेतला. लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने ते घराघरांत पोचले. मूर्तिजापूरला कामासाठी गेलो की या गावचे वसंतराव, म्हणून ऊर भरून येतो. पण त्यांच्या गाण्याचं काही तिथल्या स्टेशनात किंवा रस्त्यात सापडत नाही. ते सापडलं ते माझ्या झिजलेल्या कॅसेटमध्ये, तीच तान मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकताना.

वसंतरावही कोणाचे तरी वेडे होते. मास्टर दीनानाथांच्या गायकीची छाप त्यांच्या नाट्यगीतांत उघड ऐकू येते: ती झेप, तो अनपेक्षित वळसा. पण दीनानाथांची नक्कल म्हणून वसंतरावांना कोणी ऐकत नाही. त्यांनी ती झेप आपल्या गळ्यातून काढली, तिच्यात सप्रेबुवांचा रियाज घातला, लाहोरचा मारवा घातला आणि जे तयार झालं ते त्यांचं स्वतःचं. एखाद्याला दैवत मानायचं तर ते असं.

आता कार्यक्रम संपला की स्टेजवर मोबाईलची झुंबड उडते. दोन-अडीच तास गायलेल्या माणसाला घोटभर पाणीही न देता खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. कलावंत बिचारे हसत उभे राहतात. त्यांनाही माहीत असतं, हे नाही केलं तर उद्या ‘शेफारलाय’ म्हणतील. फोटो काढू नका असं मी म्हणणार नाही. माझ्याही मोबाईलमध्ये आहेत. पण त्या गर्दीत मी क्वचितच कोणाला गाण्याबद्दल काही विचारताना ऐकलंय.

एकदा ऐकलं. भजन स्पर्धेनंतर मी वायर गुंडाळत होतो. शाळेच्या भजन मंडळातली एक मुलगी परीक्षक म्हणून आलेल्या वादकांच्या मागे मागे फिरत होती. गर्दी हटल्यावर तिने विचारलं, “काका, तुम्ही मघाशी मधात जो ठेका तोडला, तो पुन्हा कुठून धरला?” ते वादक थांबले. घरी जायची घाई होती, गाडी चालू होती. त्यांनी गाडी बंद करायला सांगितली, मागच्या फळीवर बसले, खंजिरी काढली आणि तिला तो तुकडा वाजवून दाखवला. मग तिच्या हातात खंजिरी दिली. तिला जमेना, तर तिची बोटं धरून बसवली. त्या स्पर्धेत हार-शाल-श्रीफळ सगळं झालं होतं, पण त्या वादकाच्या चेहऱ्यावर तेवढा आनंद मी स्टेजवर पाहिला नव्हता. कलावंताला मान आवडतोच. पण आपण काय केलं हे कोणाला तरी नेमकं कळलं, हे त्याला त्याहून जास्त हवं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आवडत्या कलावंताला भेटायची संधी आली तर जरूर भेटा, वाटलं तर पायाही पडा. पण जाण्याआधी त्याला नीट ऐकून जा आणि त्याच्या कामातलं काही तरी विचारा. तो चिडका निघाला, तर त्याचा राग त्याच्या सुरावर काढू नका. आणि पुढच्या आश्विन वद्य पंचमीला जमलं तर मोझरीला या. मुक्काम करा. रात्री कुठल्याही राहुटीत शिरून खंजिरीवाल्याच्या डाव्या बाजूला बसा, कारण दाबणारी बोटं तिकडूनच दिसतात. भजन थांबून चहा आला की त्याला एखादा ठेका पुन्हा वाजवायला सांगा. नाही म्हणणारा खंजिरीवाला मला अजून भेटलेला नाही.