शून्याने भागता येत नाही

मुलांनो, आधी एक गणित घालते. एका खेळाडूनं ५५ धावा केल्या आणि तो एकदाही बाद झाला नाही. तर त्याची फलंदाजीची सरासरी किती?

घाई करू नका हं! क्रिकेटमध्ये सरासरी काढताना एकूण धावांना सामन्यांच्या संख्येनं भागत नाहीत. खेळाडू जितक्या वेळा बाद झाला, त्या संख्येनं भागतात. म्हणजे इथं ५५ भागिले शून्य. आणि शून्यानं भागता येत नाही, हे तुम्हाला शाळेत बजावून सांगितलेलं असतं. म्हणून भारताच्या एकदिवसीय सामन्यांच्या तक्त्यात या खेळाडूच्या नावापुढे, सरासरीच्या रकान्यात, नुसती एक आडवी रेघ असते.

हा खेळाडू आपल्या विदर्भातला. त्याचं नाव फैज फजल.

हे गणित मी आमच्या वर्गात का घातलं, तेही सांगते. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं. सोयाबीन निघालं की हरभरा पेरेपर्यंत जे वावर रिकामं असतं, तेच आमच्या मुलांचं मैदान. धसकटं पायाला टोचतात, पण त्याची पर्वा कोण करतो? सीमारेषा म्हणजे धुरा. धुऱ्यापलीकडे तूर उभी असते. चेंडू तुरीत गेला की चार धावा.

एकदा शेजारच्या गावची मुलं सामना खेळायला आली. आमच्या संघाची यादी मी केली. आमच्या वर्गातला एक मुलगा, नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही, धुऱ्यावर उभा होता. सबंध सामनाभर त्यानं तुरीतून चेंडू आणून दिले. फलंदाजीत त्याचा नंबर शेवटचा, तो आलाच नाही. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी तो मैदानावर फिरकलाच नाही.

सोमवारी मी विचारलं, "काहून आला नाही रे?"

खाली पाहत तो म्हणाला, "मॅडम, तिथं मायं काही कामच नाही."

मला ते लागलं. कारण यादी माझी होती. जे जोरात ओरडले, "मॅडम, मी पहिला!", त्यांची नावं मी वर लिहिली. जो ओरडला नाही, त्याला खाली ढकललं. दोन्ही वेळा.

त्या दिवशी मी गणिताच्या तासाला वरचं उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि मग फैज फजलची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

फैजचा जन्म १९८५ साली नागपूरचा. डावखुरा सलामीवीर. सलामीवीर म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? नवा, कडक, उसळणारा चेंडू सगळ्यात आधी ज्याला खेळावा लागतो तो. वयाच्या अठराव्या वर्षी, २००३-०४ च्या हंगामात, तो विदर्भाकडून रणजी करंडक खेळू लागला आणि पहिल्याच सामन्यात त्यानं शतक काढलं. सगळ्यांना वाटावं, आता हा लवकरच भारताकडून खेळणार!

पण तसं झालं नाही. वर्षं जात राहिली. रणजीचा साखळी सामना चार दिवस चालतो. तिथं टीव्हीवरच्या सामन्यासारखी गर्दी नसते. बरेचदा रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळावं लागतं. आज या शहरात, पुढच्या आठवड्यात त्या शहरात, सामान बांधायचं आणि निघायचं. मध्ये काही काळ फैज रेल्वेच्या संघाकडून खेळला, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून खेळला, इंग्लंडला जाऊन तिथल्या क्लबकडूनही खेळला. त्याच्यानंतर आलेली कितीतरी मुलं भारताच्या संघात गेली. हा मात्र दर हंगामात नवा चेंडू खेळायला उतरतच होता.

मार्च २०१६ मध्ये मुंबईत इराणी करंडकाचा सामना झाला. शेष भारताला जिंकायला ४८० धावा हव्या होत्या. डोंगरच म्हणा ना! फैजनं १२७ धावा काढल्या आणि तो डोंगर पार झाला. मग त्याला बोलावणं आलं. १५ जून २०१६ रोजी, झिंबाब्वेच्या हरारे शहरात, वयाच्या तिसाव्या वर्षी तो भारताकडून मैदानात उतरला. झिंबाब्वेचा संघ १२३ धावांत गुंडाळला गेला. मग के. एल. राहुल आणि फैज सलामीला आले आणि दोघांनीच सामना संपवला. राहुल नाबाद ६३, फैज नाबाद ५५. भारत दहा गडी राखून जिंकला.

आणि त्यानंतर? त्यानंतर भारताच्या संघात त्याला पुन्हा कधीच जागा मिळाली नाही. एक सामना, बस्स.

इथं आमच्या धुऱ्यावरच्या गड्यानं हात वर केला. "मॅडम, एकच मॅच? मंग येवढे वर्षं खेळून काय फायदा?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगते, प्रश्न अवघड होता. मोठी माणसंही हेच विचारतात. मी म्हटलं, "थांब, गोष्ट संपली नाही."

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतोय. साठ वर्षांत तो एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोचला नव्हता. २०१७-१८ च्या हंगामात त्या संघाचा कर्णधार होता फैज फजल आणि प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. कोलकात्याला उपांत्य सामन्यात बलाढ्य कर्नाटकाला विदर्भानं अवघ्या ५ धावांनी हरवलं. मग इंदूरला दिल्लीशी अंतिम सामना. रजनीश गुरबाणीनं हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं शतक ठोकलं आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. त्या हंगामात कर्णधारानं स्वतः ९१२ धावा केल्या होत्या. पुढच्याच वर्षी, नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून, त्यांनी करंडक राखलाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, जिथून सुरुवात केली त्याच नागपुरात, फैजनं खेळाचा निरोप घेतला. त्याच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ९ हजारांहून जास्त धावा आहेत. आणि इंदूरला शतक ठोकणारा अक्षय वाडकर? २०२५ मध्ये विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला, तेव्हा तोच कर्णधार होता.

मी मुलांना म्हटलं, "भारताकडून आणखी सामने मिळाले असते, तर फैजला आवडलंच असतं. मिळाले नाहीत, याचं वाईट वाटणारच. ते खोटं कशाला सांगू? पण हरारेहून परत आल्यावर 'आता काय फायदा' म्हणून तो घरी बसला असता, तर इंदूरचा तो दिवस आला असता का?"

कुणी काही बोललं नाही. मीही पुढे काही शिकवलं नाही. फळ्यावरची जुनी यादी मात्र सगळ्यांसमोर पुसली आणि सांगितलं, की यापुढे फलंदाजीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल. थोडा आरडाओरडा झाला, पण ठरलं.

पालकांनो, तुम्हालाही एक सांगावंसं वाटतं. मूल मैदानावरून घरी आलं, की आपण पहिल्यांदा विचारतो, "जिंकलात का? तुझ्या किती झाल्या?" कधीतरी "आज खेळायला मिळालं का?" एवढंच विचारून बघा.

पुढच्या रविवारी आमच्या गड्याची चिठ्ठी दुसरी निघाली. त्यानं दोन चेंडू नुसते अडवले. तिसरा सरळ तुरीत. चौथ्यावर दांडी उडाली. आता हा रडतो की काय, म्हणून मी पुढे झाले, तर तो बॅट खांद्यावर टाकून हसत हसत येत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मायी सरासरी तं निघते. चार!"