मॉनिटरनं आपलं नाव सांगितलं

माझ्या डाव्या हाताला जो मॉनिटर आहे ना, तो २०१२ सालच्या २८व्या आठवड्यात तयार झालाय. मला कुणी सांगितलं? त्यानंच! अहो खरंच, त्यानं स्वतः सांगितलं, आणि गेले चार दिवस भेटेल त्याला मी हेच ऐकवत सुटलोय. दूधवाल्यालाही सांगून झालं. तो "बरं" म्हणाला.

आता पहिल्यापासून सांगतो. माझं काम अनुवादाचं. एकाच पडद्यावर मूळ इंग्रजी आणि माझं मराठी, म्हणजे ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब, दिवसभर नुसतं ऑल्ट-टॅब, आणि परत आल्यावर आपण कुठल्या ओळीवर होतो ते हुडकायचं. पीसी जुना, चौथ्या पिढीचा आय-थ्री. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले, विंडोज ११ला हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून भाच्यानं येऊन लिनक्स मिंट टाकून दिलं. ते सुरळीत चाललं होतं. अशात मेव्हण्याच्या ऑफिसातून एक मॉनिटर निघाला, "नेतोस का, नाहीतर भंगारात जाईल" म्हणाला, आणि मी तो रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला. त्याला फक्त व्हीजीएचं सॉकेट. पीसीच्या पाठीमागे एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन्ही तोंडं, त्यातल्या एचडीएमआयवर माझा नेहमीचा मॉनिटर. व्हीजीएची केबल माळ्यावरच्या खोक्यात सापडली. जोडली. लागला!

लागला, पण कसा? अक्षरं सगळी आडवी सुजलेली. 'ळ' तर जिलबीसारखा पसरलेला. सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशनची यादी उघडली तर ती १०२४ गुणिले ७६८वरच संपत होती, आणि मॉनिटरच्या नावाच्या जागी 'अननोन'. शिवाय माउस डावीकडे नेला की भिंतीला थडकावा तसा कडेला थांबायचा, आणि नवा मॉनिटर तर डावीकडेच ठेवलेला! हे शेवटचं लगेच मिटलं. संगणकाच्या समजुतीनं तो उजवीकडे होता. सेटिंगमधला चौकोन ओढून डावीकडे नेला, झालं. सूज मात्र तशीच.

बायको म्हणाली, "अहो, दिसतंय ना? मग?" मग काय मग! भाच्याला फोन लावला. "मामा, आधी टर्मिनल उघड," तो म्हणाला. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिला मी इतके दिवस विहिरीसारखा लांबूनच वळसा घालत होतो. त्यात त्यानं एकच शब्द टाइप करायला लावला, एक्सरँडर. एंटर दाबलं आणि पडद्यावर माझ्या पीसीची सगळी कुंडली! एचडीएमआय-१ कनेक्टेड, खाली त्याला जमणाऱ्या रेझोल्यूशनची लांबलचक यादी. व्हीजीए-१ कनेक्टेड, खाली तीनचार ओळी, सगळ्यात वरची १०२४ गुणिले ७६८. म्हणजे तार जोडलीय हे संगणकाला कळत होतं, पलीकडे कोण बसलंय एवढंच कळत नव्हतं.

"आता आपणच त्याला सांगायचं," भाचा म्हणाला, आणि इथून पुढे माझी झोप उडाली. सीव्हीटी म्हणून एक छोटी आज्ञा आहे. तिला १९२० आणि १०८० हे दोन आकडे दिले की ती एक ओळ काढून देते: १७३, मग १९२०, २०४८, २२४८, २५७६, मग १०८०, १०८३, १०८८, ११२०. मला वाटलं काहीतरी गोंधळ झाला. पडदा १९२० ठिपक्यांचा, मग हे २५७६ कुठून आले?

ऐका, ऐका. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवायचा, आणि ओळ संपली की त्याला परत डाव्या कडेला यायला वेळ लागायचा. टाइपरायटर वापरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ओळ संपते, घंटी वाजते, आपण दांडा ढकलतो, खर्रर्र, आणि मग पुढची ओळ. त्या खर्रर्रसाठी राखून ठेवलेली जागा म्हणजे १९२० ते २५७६! खालच्या १०८०च्या पुढचे ११२०पर्यंतचे आकडे म्हणजे पान संपल्यावर पुन्हा वर जाण्याचा वेळ. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. २५७६ गुणिले ११२० म्हणजे २८ लाख ८५ हजार ठिपके, दिसतात त्यातले २० लाख ७३ हजार. उरलेले आठ लाख ठिपके कुणालाच दिसत नाहीत, तरी सेकंदाला साठ वेळा तारेतून जातच राहतात. आणि १७३ म्हणजे एका सेकंदात १७ कोटी ३० लाख ठिपके! माझ्या मॉनिटरमध्ये ना नळी ना झोत, सपाट एलसीडी तो, पण केबलमधून येणारा सिग्नल अजून त्या दांडा ढकलण्याची वाट बघत थांबतो. मला भरूनच आलं हो.

ती ओळ एक्सरँडरला 'न्यूमोड' म्हणून शिकवली, 'ॲडमोड'नं व्हीजीए-१च्या खात्यावर चढवली, आणि मग 'आउटपुट' म्हणून लागू केली. मॉनिटर काळा. एक सेकंद, दोन सेकंद. मी फोन कानाला धरून श्वास रोखलेला. आणि टक्कन उजळला! 'ळ' पुन्हा 'ळ' झाला, काना सरळ, मात्रा जागच्या जागी, 'र्‍या'तला अर्धा र सुद्धा ओळखू येतोय. पुन्हा एक्सरँडर टाकून बघितलं, तर व्हीजीए-१च्या पुढे अधिक ० अधिक ० आणि एचडीएमआय-१च्या पुढे अधिक १९२० अधिक ०. हे पत्ते आहेत! संगणकाच्या लेखी दोन मॉनिटर नाहीतच, ३८४० ठिपके रुंदीचा एकच मोठा कागद आहे आणि दोन्ही मॉनिटर म्हणजे त्यावर धरलेल्या दोन चौकटी. म्हणूनच खिडकी अर्धी इकडे अर्धी तिकडे ठेवता येते. जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड या दोघांनी ही सोय आखली. एक्सरँडरच्या नावातला 'रँडआर' म्हणजे 'रिसाइझ ॲण्ड रोटेट', आकार बदला आणि फिरवा. इतकं साधं नाव!

दुसऱ्या दिवशी पीसी सुरू केला. जिलबी परत.

आज्ञा टाइप केल्या त्या तेवढ्या सत्रापुरत्या, पीसी बंद केला की गेल्या. उपाय सोपा होता: त्याच तीन ओळी एक्सप्रोफाइल नावाच्या फायलीत लिहून ठेवायच्या, नावाच्या आधी एक टिंब द्यायचं म्हणजे ती लपलेली राहते, आणि लॉगिन केलं की आपोआप चालते. केलं, चाललं. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. मला मात्र तो 'अननोन' शब्द सलत होता. हा मॉनिटर बोलत का नाही?

एक्सरँडरला 'व्हर्बोस' जोडलं की तो जास्तच बडबडतो. एचडीएमआय-१च्या खाली 'ईडीआयडी' म्हणून आकड्या-अक्षरांच्या ओळींचा एक ठोकळा. पहिलीच ओळ दोन शून्यं, बारा एफ, पुन्हा दोन शून्यं अशी सुरू होते, जणू लग्नपत्रिकेवरचं श्री गणेशाय नमः. हा मॉनिटरचा परिचय. मूळ ठोकळा १२८ बाइटचा, त्यात कंपनी, मॉडेल, जमणारी रेझोल्यूशनं, सगळं. व्हीजीए-१च्या खाली हा ठोकळाच नव्हता!

मग मी डिटेक्टिव्हच झालो. माझ्या नेहमीच्या मॉनिटरलाही व्हीजीएचं सॉकेट आहे. त्याची एचडीएमआय काढली आणि ही माळ्यावरची केबल त्याला लावली. तोही मुका! म्हणजे मॉनिटर बिचारा निर्दोष. केबल काढून टॉर्चच्या उजेडात तिचं टोक बघितलं. व्हीजीएच्या पिना पंधरा, पाचपाचच्या तीन ओळी. मधल्या ओळीतली नववी नव्हती, पण ती पुष्कळ केबलमध्ये नसतेच. खालच्या ओळीत मात्र दुसरी आणि शेवटची गायब. बारावी आणि पंधरावी. नेमक्या याच दोन तारांवरून मॉनिटर आपला परिचय देतो! चित्राचे तांबडा, हिरवा, निळा रंग वेगळ्या तारांतून येतात, म्हणून चित्र येत होतं आणि नाव येत नव्हतं. व्हीजीए आला १९८७ला, ही परिचयाची पद्धत ठरली १९९४ला. माझ्या केबलला ती कुणी शिकवलीच नव्हती.

त्याच संध्याकाळी तपकीर गल्लीतलं केबलचं दुकान गाठलं. दुकानदारानं पाच केबल पुढे टाकल्या, मी प्रत्येकीच्या टोकात टॉर्च मारून पिना मोजू लागलो तेव्हा त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. "काका, सगळ्या सारख्याच आहेत." नव्हत्या! दोन केबलमध्ये तीच दोन बिळं रिकामी. पूर्ण पिनांची दीडशे रुपयांत मिळाली.

घरी येऊन ती लिहून ठेवलेली फाइल खोडली, केबल लावली, पीसी सुरू केला. मला काहीही करावं लागलं नाही. पडदा आपोआप १९२० गुणिले १०८०. पुन्हा 'व्हर्बोस', आणि व्हीजीए-१च्या खाली ठोकळा हजर! दोन शून्यं, बारा एफ, दोन शून्यं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला '१सी१६'. हे सोळाच्या पायावर मोजलेले आकडे असतात, त्यात सी म्हणजे १२. १सी म्हणजे १६ आणि १२, झाले २८: आठवडा. १६ म्हणजे १६ आणि ६, झाले २२, ते १९९०मध्ये मिळवायचे: २०१२. जुलैचा दुसरा आठवडा! चौदा दिवस माझ्या टेबलावर मुका बसलेला हा प्राणी पहिलं वाक्य बोलला ते जन्मतारखेचं, आणि मी रात्री पावणेबाराला "ए, उठ ना, हे बघ" म्हणून बायकोला हलवून उठवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "वाढदिवस करायचाय का त्याचा?"

तेव्हा तुमच्याकडे जुना मॉनिटर असेल आणि अक्षरं सुजलेली दिसत असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी केबल काढा आणि टोकात टॉर्च मारा. खालची ओळ, दुसरी आणि पाचवी पिन.