तेरा महिन्यांची सभा

इंग्लंडमधल्या स्थानिक कौन्सिलांची ऑनलाइन सभा 6 मे 2021 च्या मध्यरात्री वारली. जन्म 4 एप्रिल 2020 चा, म्हणजे वय जेमतेम तेरा महिने. साथीत जन्मली, पण साथीने गेली नाही. मुदत संपली म्हणून गेली. सरकारी कागदाने जन्माला आलेल्यांचं मरणही बहुधा कागदावरच लिहिलेलं असतं.

जन्म घाईगडबडीतला होता. 25 मार्च 2020 रोजी कोरोनाव्हायरस अ‍ॅक्ट मंजूर झाला. त्याच्या 78 व्या कलमाने कौन्सिलांच्या सभांचे नियम तात्पुरते सैल करण्याची मुभा मंत्र्यांना दिली, आणि दहा दिवसांत नवी नियमावली लागू झाली. तोवर सगळा कारभार 1972 च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टवर चालायचा. त्या कायद्यात सभा एका ठिकाणी भरते, सदस्य तिथे हजर असतात आणि हजर असलेल्यांचंच मत मोजलं जातं. सलग सहा महिने सभेला न आलेल्या सदस्याचं पद जातं, अगोदर रजा मंजूर करून घेतली असेल तरच वाचतं. टाळेबंदीत या सगळ्याचं काय करायचं, हा प्रश्न होताच.

त्या नियमावलीतली एक बारीक तरतूद मला फार आवडते. दुरून सभेला बसलेल्या सदस्याला इतरांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे आणि त्याचं इतरांना, ही अट सक्तीची. एकमेकांना दिसणं मात्र शक्य असेल तर. म्हणजे साध्या फोनवरूनही हजेरी लागत होती. खेड्यापाड्यात नेट किती चालतं हे ठाऊक असलेल्या कुणीतरी हा मसुदा लिहिला असणार.

मग सुरू झाला तो संसार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. "आवाज येतोय का माझा?" "साहेब, तुमचा माईक बंद आहे." कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे, मधूनच कॅमेऱ्यापुढून शेपटी उंचावत जाणारं मांजर. पण गमतीपलीकडे एक गोष्ट घडत होती. पडद्यावर हात वर केलेले नीट मोजता येत नाहीत, म्हणून कितीतरी कौन्सिलांत क्लार्क एकेकाचं नाव पुकारून मत विचारायचा. बाजूने, विरुद्ध, तटस्थ. सभागृहात गर्दीत हात वर करून मोकळं होणाऱ्याला इथे तोंड उघडून सांगावं लागायचं, आणि घरात चहा पीत बसलेला मतदार ते ऐकायचा.

त्या मतदाराचा सभेत शिरण्याचा हक्क तसा जुना. एका संपाच्या काळात काही कौन्सिलांनी वार्ताहरांना दारं बंद केली होती, त्यावरून नुकत्याच निवडून आलेल्या एका खासदारबाईंनी खासगी विधेयक आणलं. 5 फेब्रुवारी 1960 रोजी ब्रिटिश संसदेतलं त्यांचं पहिलं भाषण याच विधेयकावर झालं. बाईंचं नाव मार्गारेट थॅचर. कायदा झाला, दारं उघडली, पण आत यायला कुणाला वेळ होता? मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, पावसात, गटारांच्या विषयपत्रिकेसाठी टाऊन हॉलच्या लाकडी बाकावर बसणारा माणूस विरळाच. साठ वर्षं उघडी असलेली ती दारं ऑनलाइन सभेने थेट लोकांच्या दिवाणखान्यात आणून ठेवली.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे हँडफर्थ, चेशरमधलं छोटं गाव, मँचेस्टरच्या दक्षिणेला. तिथली पॅरिश कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या जातीची, अधिकारांनी आणखीच किरकोळ. 10 डिसेंबर 2020 ला तिची सभा भरली आणि सुरुवातीलाच जुंपली. सभा बेकायदा आहे, असं अध्यक्षांचं म्हणणं. कामकाज सांभाळायला आलेल्या जॅकी वीव्हर या चेशरमधल्या पॅरिश कौन्सिलांच्या संघटनेच्या मुख्य अधिकारी. अध्यक्ष त्यांना म्हणाले, तुम्हाला इथे काडीचाही अधिकार नाही. बाईंनी आवाज न चढवता बटण दाबलं आणि अध्यक्ष सभेतून थेट वेटिंग रूममध्ये गेले. दुसरे एक सदस्य स्टँडिंग ऑर्डर्स (सभेचे नियम) वाचा, वाचा आणि समजून घ्या, असं ओरडत राहिले. तेही पाठोपाठ गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये ही चित्रफीत जगभर फिरली. पॅरिश कौन्सिल नावाचं काही असतं हे कितीतरी इंग्रजांनाही तेव्हाच कळलं. पुढे चौकशी झाली. अध्यक्षांना बाहेर काढण्याचा अधिकार बाईंना खरंच नव्हता, पण त्या परिस्थितीत त्यांनी तसं का केलं हे समजण्यासारखं आहे, असा निष्कर्ष निघाला. अध्यक्षांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता तर! पण तोवर जगाने आपला कौल देऊन टाकला होता.

लोक हसले आणि सभेची बदनामी झाली. मला ते पटत नाही. तंटा पडद्याने लावला नव्हता. तो त्या गावात आधीपासूनच होता आणि बंद खोलीत तो असाच रंगला असता. पडद्याने तो फक्त उघड्यावर आणला. दोष होतेच, नाही असं नाही. चहाच्या वेळी कोपऱ्यात होणारी समजूत पडद्यावर होत नाही. गोपनीय विषय चालू असताना सदस्याच्या खोलीत आणखी कोण बसलंय ते कळत नाही. नवख्या सदस्याला जुन्यांच्या चेहऱ्यावरून काही उमगत नाही. पण तेरा महिन्यांचं लेकरू चालताना धडपडतं, तेवढ्यावरून ते अधू ठरत नाही.

ती कुणाच्या उपयोगाची होती? नॉर्थम्बरलँडमध्ये बेरिकच्या सदस्याला मॉर्पेथच्या काउंटी हॉलपर्यंत पाऊणशे किलोमीटर जावं लागतं, तेवढंच परत. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार. तान्ह्या मुलाची आई, व्हीलचेअरवरचा सदस्य, दुपारपाळी करणारा कामगार, आजारी नवऱ्याची शुश्रूषा करणारी बाई, यांना सभा घरी आली. इंग्लंडमधल्या कौन्सिल सदस्याचं सरासरी वय साठीच्या आसपास आहे. ते का उतरत नाही, याचं निम्मं उत्तर सभेच्या वेळेत आणि जागेत आहे.

आता मृत्यूची हकीकत. मार्च 2021 मध्ये मंत्र्यांनी कळवलं, मुदत वाढवायला नवा कायदा लागेल आणि संसदेकडे तेवढा वेळ नाही. जुन्याच कायद्याचा अर्थ थोडा ताणून ऑनलाइन सभा बसवता येते का, हे विचारायला हर्टफर्डशर काउंटी कौन्सिल आणि कौन्सिलांच्या वकिलांच्या व सभांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. 28 एप्रिलला निकाल लागला: नाही येत. सभा एका ठरलेल्या जागी, हजर म्हणजे देहाने हजर. बदल हवा असेल तर संसदेने करावा. कायद्याच्या अंगाने निकाल चुकला असं म्हणवत नाही. 1972 साली कुणाच्या स्वप्नात झूम होतं?

चमत्कारिक होती ती तारीख. 6 मे ला स्थानिक निवडणुका झाल्या आणि 7 तारखेपासून सभा प्रत्यक्ष घेणं बंधनकारक झालं. त्या दिवशी इंग्लंडमधल्या पबना गिऱ्हाईक आत बसवायला बंदी होती. ती 17 मे ला उठली. मित्राबरोबर आत बसून बिअर घ्यायला मनाई, पण साठ सदस्यांनी एका छताखाली बसायची सक्ती. कौन्सिलांनी क्रीडासंकुलं, नाट्यगृहं भाड्याने घेतली. काहींनी वार्षिक सभा घाईने मुदतीआधीच उरकली. काहींनी वेगळी पळवाट काढली. सदस्यांनी पडद्यावर अनौपचारिक चर्चा करायची आणि अधिकाऱ्याने आपल्या सहीने निर्णय घ्यायचा. लोकशाहीसाठी हजेरी हवी म्हणून निवडून आलेल्यांची मतंच बाजूला राहिली.

खरी बोच पुढे आहे. त्याच कौन्सिलांतल्या कर्मचाऱ्यांना साथीने दिलेली सवलत कुणी परत घेतली नाही. घरून काम, आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस, हे रुळलं. 6 एप्रिल 2024 पासून तर नोकरीच्या पहिल्याच दिवशी लवचिक कामाची मागणी करण्याचा हक्क सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळाला. केंब्रिजजवळच्या साउथ केंब्रिजशर कौन्सिलने चार दिवसांचा आठवडा आधी करून पाहिला आणि 2025 मध्ये कायम केला. अधिकारी घरून अहवाल लिहितो. त्या अहवालावर मत द्यायला सदस्याने मात्र अंगात कोट चढवून पावसात निघायचं.

आपल्याकडेही 2020 च्या पावसाळ्यात महापालिकांच्या महासभा पडद्यावर भरल्या. माईक मुद्दाम बंद ठेवल्याच्या विरोधकांच्या तक्रारी, सभा सभागृहातच घ्या म्हणून आंदोलनं, सगळं यथासांग झालं. मग एकेका महापालिकेवर प्रशासक बसत गेले आणि सभा ऑनलाइन की ऑफलाइन हा वादच मिटला. सभाच नव्हती.

ब्रिटनमध्ये बाकीच्यांनी ऑनलाइन सभेला मरू दिलं नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात दूरस्थ सभेला आधीपासूनच जागा होती. वेल्सने मे 2021 पासून, म्हणजे इंग्लंडने दिवा मालवला त्याच महिन्यात, कायद्यानेच कौन्सिलांना दुरून हजर राहण्याची सोय ठेवायला लावली. इंग्लंडसाठी ब्रिटिश सरकारने 2024 अखेरीस लोकांची मतं मागवली आणि जून 2025 मध्ये सांगितलं, कायदा बदलू. एवढं म्हणायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत सीमेपलीकडे, वेल्समधल्या पोविसचा सदस्य स्वयंपाकघरातून मत देत होता, आणि अलीकडे श्रॉपशरच्या सदस्याला मुलाच्या तापात रात्र जागल्यावर सभेला जाता आलं नाही, तर त्याचं मत मोजलं जात नव्हतं.